बाबांना मिळालेली क्षमा

प्रिय ताई,

बाबा आज सकाळी गेले. काल चर्चचे पाळक आले होते. त्यांनी विचारलं, "देवाच्या न्यायाची भीती वाटते का?" बाबा हसले. "प्रभू दयाळू आहे. सगळं कबूल केलंय त्याच्यापाशी."

पाळक गेल्यावर मी विचारलं, "तुमच्या माराने ताईचा कान गेला, तेही कबूल केलंत?"

"कुठला कान?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग पाणी पिऊन ते शांत झोपले.

प्रभूची दया खरी आहे, असं मीही मानते. बाबांना ती मिळालीही असेल. स्वर्गात दोन्ही कानांनी ऐकू येईल, या आशेवर तू जगतेस. तिथे पहिली हाक बाबांचीच आली तर? म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकवत नाही.

तुझी,
धाकटी