तेहेतीस काळ्या गोट्या

महाल, नागपूर
दि. ४ मे १९८०

चि. जावईबापू मधुसूदनराव यांसी देवराव धोटे याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

येथील सर्व क्षेम आहे. तिकडील क्षेम शामलाच्या पत्रांवरून कळते, मात्र तिच्या पत्रातील अर्धी जागा आपल्या घरातील मांजरी व्यापते.

पत्रास कारण की, यंदा ज्येष्ठ मास अधिक आला आहे. आपल्या विवाहानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. शामलाची आई हयात असती तर तिने चैत्रापासूनच तांदूळ भिजत घातले असते. ती नाही म्हणून या घरचा रिवाज उणा पडणार नाही. माझी वडील बहीण पार्वतीबाई अनारसे करण्यास आली आहे. उभयतांनी रविवार, दि. ८ जून रोजी भोजनास अवश्य यावे.

जावयास द्यावयाचे वाण जाळीदार, छिद्रे असलेले असावे व संख्येने तेहेतीस असावे, हे आपण जाणताच. अनारसे होतीलच. त्याशिवाय चांदीची जाळीदार तबकडी देण्याचे मनात आहे. अन्य काही हवे असल्यास निःसंकोच कळवावे. मी चौथी इयत्ता शिकलेला मनुष्य. कचेरीत जमादार म्हणून सारी नोकरी साहेबांच्या दाराबाहेर उभे राहून केली. परंतु माझी लेक सहकारी संस्थेत खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनाच्या घरी नांदते, हे आमच्या आळीत सर्वांस ठाऊक आहे. वाण त्या खुर्चीला साजेसे झाले पाहिजे.

आपला लोभ आहे तसाच राहू द्यावा.

देवराव धोटे


काटोल
दि. ९ मे १९८०

ती. मामाजी यांस मधुसूदनचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. आम्ही दोघे ठरल्या दिवशी येतो. चांदीची तबकडी मात्र कृपा करून घेऊ नये. ती आमच्या घरी कपाटात बसेल आणि मांजरीखेरीज तिच्याकडे कोणी बघणार नाही.

आपण आग्रहच केला आहे, तर धीर करून लिहितो. मला गोटी पान्यांचा एक संच हवा आहे. नटावर टोपीसारखी बसते ती लोखंडी गोटी, आणि तिला फिरवायला दांडा. घरी जुनी स्कूटर आहे, तिची किरकोळ कामे स्वतः करतो. येथे चांगला संच मिळत नाही. इतवारीत लोहाओळीत स्वस्तातला, देशी बनावटीचा मिळेल. महागडा परदेशी नको.

शास्त्राची अडचण येऊ नये म्हणून सांगतो, प्रत्येक गोटीला आरपार छिद्र असते. शामला हे वाचून हसते आहे. तिचे म्हणणे, जगात लोखंडाचे अनारसे मागणारे जावई तुम्ही पहिलेच.

आत्याबाईंना नमस्कार. आपली माया आम्हांवर असू द्यावी.

आपला,
मधुसूदन


महाल, नागपूर
दि. १४ मे १९८०

चि. सौ. शामला हीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या यजमानांची मागणी वाचून मी दोन दिवस विचारात होतो. जावयाच्या ताटात लोखंड ठेवल्याचे आमच्या सात पिढ्यांत झालेले नाही. परंतु मीच निःसंकोच कळवा असे लिहिले होते, व लिहिलेला शब्द मागे घेण्याची मला सवय नाही. सबब काल सकाळी लोहाओळीत गेलो.

ओमप्रकाश नावाच्या दुकानदाराने माझ्या पेन्शनीत बसतील असे दोन प्रकार दाखविले. पहिला प्रकार पाहताक्षणी मनात भरला. निळ्या पत्र्याची पेटी, आत तांबडे मखमली कापड, आणि आरशासारख्या चकचकीत गोट्या. माझी मिशी मला एका गोटीत स्पष्ट दिसली. दुसरा प्रकार त्याने पोत्यातून ओतला. काळ्या, ओबडधोबड, जाड भिंतींच्या गोट्या. त्यांना पेटी नाही, त्या सुट्या विकतात. हाताला तेल लागले ते वेगळेच.

मी अर्थातच पेटीकडे बोट दाखविले. तेव्हा तो म्हणाला की, बाबूजी, पहले ये बताओ, घरच्या कामाले पाहिजे का धंद्याले? चकचकीत गोटी कडक असते, पण भिंत पातळ. हाताने फिरवा, जन्मभर जाईल. हातोडा मारला की तडकते. काळी मात्र ठोके खाण्यासाठीच केलेली असते. तिच्या आत सहाच कोपरे, त्यामुळे झिजलेल्या नटालाही ती घट्ट धरते. ट्रकच्या चाकाचे गंजलेले नट ठोक्याशिवाय निघत नाहीत, तिथे हीच पाहिजे. स्कूटरसाठी असेल तर पेटी न्या, असे त्याने शेवटी सांगितले.

मी त्यास सांगितले की आमचे जावई कारकून आहेत, ट्रकशी त्यांचा संबंध नाही. त्यावर तो माझ्या छत्रीकडे पाहत म्हणाला की, कारकून लोग तो गोटी मांगते नहीं, बाबूजी.

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. सबब तू यजमानांस न कळू देता मला लिही. कोणती घ्यावी? माझी इच्छा पेटी घेण्याची आहे. आळीतील मंडळी जेवावयास येतील, ताटात काहीतरी शोभले पाहिजे.

मांजरीचे वर्तमान या खेपेस दिले नाहीस तरी चालेल.

तुझा,
बाबा


काटोल
दि. १८ मे १९८०

ती. बाबांस शामलाचा शि. सा. न.

मांजरीला तीन पिल्ले झाली. हे लिहिल्याशिवाय पुढचे लिहायचा धीर होत नव्हता, म्हणून आधी लिहिले.

बाबा, ह्यांची संस्था होळीच्या सुमारास बंद पडली. खुर्च्या, टेबले, सगळे कुलपात आहे. तेव्हापासून हे मोटारस्टँडच्या मागे ट्रक दुरुस्त करतात. हाताला वळण पहिल्यापासून होते, तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या घरचा पंखा ह्यांनीच लग्नाच्या आदल्या दिवशी चालू केला होता. पण अवजारे दुसऱ्याची. तो माणूस मनात आले की देतो, मनात आले की संध्याकाळ व्हायच्या आत काढून घेतो, आणि हे अर्धे काम टाकून घरी येतात. म्हणून गोट्या मागितल्या. स्कूटरचे निमित्त तुमच्यासाठी काढले. तुम्हाला कळवू नये, असे मला त्यांनीच बजावले होते. म्हणाले की, तुझ्या बाबांनी कारकुनाला लेक दिली आहे, मेस्त्रीला नाही.

आता खरी गोष्ट ऐका. ह्यांच्या सख्ख्या मामांनी भिलाईला कारकुनाची जागा बघून ठेवली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात होय की नाही ते कळवायचे आहे. ह्यांना जायचे नाही. इथे संध्याकाळी काळे हात घेऊन येतात, पण जेवताना गप्पा मारतात. संस्थेत होते तेव्हा मान खाली घालून जेवत. तरी जाईन म्हणतात. का, तर मामाजींची मान खाली जायला नको. मलाही जायचे नाही, बाबा. भिलाईहून तुमच्याकडे एका दिवसात येऊन परत जाता येणार नाही. तुम्ही एकटे आहात.

म्हणून कोणती घ्यायची ते मी सांगणार नाही. पेटी घेतलीत तर हे समजतील की तुम्हाला कारकूनच हवा आहे. पोत्यातली घेतलीत तर त्याचा अर्थही हे समजतील. तोंडाने कोणाला काही बोलावे लागणार नाही. तुमच्या घरात तसेही तोंडाने कोणी काही बोलत नाही.

रागावू नका. उन्हात छत्रीशिवाय निघू नका. मुलीवर माया असू द्या.

तुमची,
शामला


महाल, नागपूर
दि. २२ मे १९८०

चि. सौ. शामला हीस आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मजकूर समजला.

मी चकचकीत पेटी खरेदी केली आहे. माझे जावई कारकून आहेत व भिलाईसही कारकूनच राहतील. दि. ८ रोजी पंक्तीत या विषयाचा उच्चार होऊ नये.

पार्वतीबाईस तुझे पत्र वाचून दाखविणे भाग पडले, कारण मी चष्मा काढून बसलो तेव्हाच तिने ओळखले. तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहितो, कारण त्यातील एक अक्षरही मला बदलता येत नाही. ती म्हणाली की, काहून गा देवा, लेक तू खुर्चीले देली होती का माणसाले? त्यानंतर तिने माझ्याशी बोलणे बंद केले आहे. अनारशाचे पीठ मळताना परातीवर जो आवाज होतो तो मला उद्देशूनच असतो.

प्रकृतीस जपावे.

देवराव धोटे


काटोल
दि. २७ मे १९८०

ती. बाबांस शामलाचा शि. सा. न.

पत्राखाली तुम्ही पूर्ण नाव लिहिलेत. मला असे पत्र आजवर कधी आले नव्हते.

तुमचा निर्णय मी ह्यांना सांगितला. तुमच्यापासून लपवले तसे ह्यांच्यापासून काही लपवायचे नव्हते. हे हसले आणि म्हणाले की, पेटी छान असेल, मामाजींची निवड आहे. मग पाट ओढून भिलाईला होकाराचे पत्र लिहायला बसले. अक्षर नेहमीसारखे सुरेख आहे. ते सदऱ्याच्या खिशात आहे, सोमवारी टपालात टाकतील.

तुम्हाला दोष देत नाही. पिल्ले मात्र शेजारी देऊन टाकावी लागतील. आत्याबाईंना सांगा, अनारसे थोडे जास्त करा, वाटेत खायला होतील.

तुमची,
शामला


महाल, नागपूर
शनिवार, दि. ३१ मे १९८०

चि. जावईबापू मधुसूदनराव यांसी देवरावचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र टपालात न टाकता काटोलच्या एस.टी.च्या वाहकाबरोबर पाठवीत आहे, कारण ते आपणांस सोमवारपूर्वी मिळणे आवश्यक आहे. आपल्या खिशातील पत्र हे वाचल्याशिवाय टाकू नये.

काल मी काटोलास आलो होतो. घरी आलो नाही, याबद्दल शामलाने रुसू नये. मोटारस्टँडच्या मागील उसाच्या रसवंतीच्या सावलीत उभा होतो. आपण एका ट्रकच्या चाकाशी बसला होतात. काम चालू असलेल्या माणसास हाक मारू नये, ही कचेरीची शिस्त माझ्या अंगात आहे, म्हणून हाक मारली नाही.

आपल्या जे लक्षात आले नसेल ते लिहितो. ट्रकचा ड्रायव्हर माझ्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा होता. तो आपणांवर सावली पडावी म्हणून पंचा धरून उभा होता. नट निघाला तेव्हा त्याने पाण्याचा डबा आणला आणि आपल्या हातांवर हळूहळू पाणी ओतले. आपण साबण लावेपर्यंत तो वाकून थांबला. जावईबापू, मी सारे आयुष्य साहेबांच्या हातांवर पाणी ओतले आहे. कोणाच्या हातावर हुकूम म्हणून पाणी पडते व कोणाच्या हातावर मनापासून, हे मला लांबूनही कळते. तसे पाणी मी एकाही साहेबाच्या हातावर ओतलेले नाही.

मी रस न पिताच परत फिरलो. रसवाल्याने विचारले की, बाबाजी, कोणाची वाट पाहता? मी त्यास सांगितले की, तो चाकाशी बसला आहे तो माझा जावई. एवढे बोलण्यास मला काटोलपर्यंत यावे लागले.

आज सकाळी पेटी परत केली. ओमप्रकाशने कारण विचारले नाही. पार्वतीबाई शनिवारी लोखंड घरात आणू नये म्हणून अडवीत होती. मी तिला सांगितले की, सोमवार उजाडण्याआधी आणणे अधिक जरूर आहे. आणल्या त्या पोत्यातील काळ्या. वाण म्हटल्यावर संख्या तेहेतीसच हवी, असा मी आग्रह धरला. ओमप्रकाशने परोपरीने समजाविले की इतकी मापे नसतातच, कोणत्याही मेस्त्रीला एवढ्या लागत नाहीत. परंतु मी ऐकले नाही. त्यामुळे काही मापे दोनदा, आणि ट्रकच्या चाकाची गोटी तर पाच वेळा आली आहे. हे हास्यास्पद आहे, याची मला कल्पना आहे. तथापि उद्या आपण हाताखाली माणसे ठेवाल, तेव्हा त्यांनी कोणापुढे अवजारासाठी हात पसरू नये. पार्वतीबाईने त्या सर्व पुसून सुपात मांडल्या आहेत. ती माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे, व आता थांबत नाही.

भिलाईस काय कळवावे, हे आपण ठरवावे. मी सांगणार नाही. मजपुरते इतकेच सांगतो की, लेक मी माणसाला दिली आहे.

एक गोष्ट आपल्या कानावर घालणे योग्य. आमचे शेजारी गणपतराव मघाशी सुपातल्या गोट्या पाहून गेले व काय ते त्यांनी विचारले. मी आळीत सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. तेव्हा ते म्हणाले की, मग जावईबापू जेवायला येतील तेव्हा माझी मोटारही जरा पाहतील का? मी त्यांना साफ नकार दिला आहे. त्या दिवशी जावई या घरी पाटावर बसतील व त्यांच्या पायांवर पाणी मी ओतीन. मोटार दाखवावयाची असल्यास गणपतरावांनी ती काटोलास न्यावी, आणि तेथे जी रांग असेल तिच्यात उभे राहावे.

शामलास सांगावे, पिल्ले कोणास देऊ नयेत. उभयतांचा लोभ या म्हाताऱ्यावर वाढता असावा.

आपला,
देवराव