तुम्ही सही केलेली बॅच

मॅडम, तुम्ही हे जग सोडून गेल्याला बरीच वर्षं झाली, आणि ग्रेटर नोएडाच्या सौर पॅनेलच्या कारखान्यात आता तुमच्या जागी मी बसते. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या तळहातावर सिलिकॉनचं ढेकूळ ठेवलं होतं, करडं, चकाकणारं, दिसायला जड आणि उचलायला हलकं. "वाळूतून निघतं हे. वितळवायचं, त्यात स्फटिकाचं बी बुडवायचं आणि फिरवत फिरवत वर ओढायचं. घाई केली की दांडा बिघडतो." मग त्या दांड्याचे तारेने कापलेले पातळ काप, ते रसायनात धुणं, भट्टीत फॉस्फरस मुरवणं, वर निळा थर, त्यावर चांदीच्या रेघा. आपल्याकडे तयार सेलच यायचे, तरी हे सगळं समजल्याशिवाय तुम्ही मला यंत्राला हात लावू दिला नाहीत. मी छावणीत वाढलेली फौजीची मुलगी, माझं मराठी अर्धं हिंदी. अंधाऱ्या खोक्यात पॅनेलमधून वीज सोडली की कॅमेऱ्यात ते उजळतं आणि तडकलेली जागा काळी दिसते. मी "क्रॅक" म्हणाले, तर तुम्ही हसलात. "अगं, चीर म्हण. केसाएवढी असली तरी चीरच."

ती मे महिन्यातली दुपार. सेलना तांब्याच्या पट्ट्या जोडणाऱ्या यंत्राचा दाब सकाळी मीच वाढवला होता, काम लवकर उरकावं म्हणून. पहिल्या काही फोटोंतच काळ्या रेघा दिसल्या. पुढचे मी पाहिलेच नाहीत. फाटकाशी ट्रक उभा, मॅनेजर ओरडतोय, "चलो यार, निकालो!" तुम्ही बॅच पास करायचा कागद घेऊन येता.

"सगळे फोटो पाहिलेस?"

"हो मॅडम, बिल्कुल."

तुम्ही माझ्याकडे बघून सही करता, फोटोंकडे न बघता.

ती पॅनेलं हरियाणातल्या एका आरोग्यकेंद्राच्या छतावर गेली. दोन उन्हाळ्यांत चिरा वाढल्या, वीज कमी पडू लागली आणि लसींचा फ्रीज बंद पडला. सगळ्या लसी फेकाव्या लागल्या. चौकशीत मी तुमच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी पाण्याचा ग्लास उचलला. "सही माझी आहे," तुम्ही म्हणालात. त्याच महिन्यात तुम्हाला राजीनामा द्यावा लागला.

नंतर मी दिल्लीत आर. के. पुरमला, तुमच्या यजमानांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले. तुम्ही पोहे परतत होतात. "ये, बस. खाल्लंस का काही?" मी ओट्याला टेकून म्हणाले, "मॅडम, ते फोटो..." तुम्ही गॅस बारीक केलात आणि थांबलात. इतका वेळ थांबलात की पोहे खाली लागले. मग मी म्हणाले, तुमच्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू आहे, दोन ओळी लिहून द्याल का? तुम्ही हात पुसलेत आणि लिहिलंत, "हिच्या नजरेतून काही सुटत नाही." कागद देताना तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात.

तुमचे यजमान आता पुण्यात असतात, पत्ता माझ्याकडे आहे. त्यांना अजून वाटतं, चूक तुमचीच होती. तरी हे पत्र मी त्यांना पाठवणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी मी कबूल करायला निघाले होते, ऐन वेळी धीर सुटला. तसं नव्हतं, मॅडम. येताना बसमध्ये मी ती दोन ओळींची विनंतीच पाठ करत होते.