त्या दरवाजाची चावी

सर, परवा मी त्या किल्ल्यात जाऊन आले. गावाचं नाव तुम्हाला माहीत आहे. इथे मी ते लिहीत नाही, माझ्या तोंडून ते एकदा निघालं तेवढं पुरे झालं. समोरच्या बेटावर आता रिसॉर्ट आहे. ज्या रिसॉर्टविरुद्ध मी घसा फोडून बोलले होते तिथेच एका शिबिरात व्याख्यान द्यायला मी गेले होते. मानधन नाकारलं, खोली मात्र घेतली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना जुनी गावं दाखवायला नेतात. सकाळी होडीने किनाऱ्यावर, मग मिनीबसने चौल, रेवदंडा, आणि जेवणाआधी हा किल्ला. ‘ऐतिहासिक नगरांची सहल, सायंकाळी पाचपर्यंत परत,’ असं खोलीतल्या कागदावर छापलेलं होतं. मी नको म्हणू शकले असते. बसमध्ये चढले तेव्हा स्वतःला सांगत होते की केवळ बघायला जातेय.

तुम्ही आम्हाला नववीत तिथे नेलं होतं. जुईनगरहून पहाटे निघालेली दोन बसेसची सहल, पेणला वडापाव, आणि किल्ल्याच्या दरवाजात तुमचा तो नियम. जो बोलेल त्याने आधी बोटं वर करायची. एक बोट म्हणजे स्वतः पाहिलेलं, दोन म्हणजे ऐकलेलं, तीन म्हणजे रचलेलं. “रचायला बंदी नाही,” तुम्ही म्हणाला होतात, “बोटं लपवायला बंदी आहे.” मी दरवाजात उभी राहून पहाऱ्यावरच्या एका सैनिकाची गोष्ट सांगितली. त्याला गावाकडून निरोप येतो, तो रडतो, पण जागा सोडत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, “छान बोललीस. आता बोटं दाखव.” मी एक बोट वर केलं. “मोजता येत नाही का गं तुला?” सगळे हसले आणि मी रागाने लाल झाले. तेव्हा दरवाजाला लागून असलेल्या घरातला माणूस पाण्याची कळशी घेऊन बाहेर आला. आम्हा सगळ्यांना त्याने ओंजळीत पाणी घातलं. मला म्हणाला, “बाय, आवाज खनखनीत हाय तुजा.” नारळी पौर्णिमेला गावाचा नारळ समुद्रावर नेण्याआधी या दरवाजाला दाखवतात आणि तो त्याच्याच घरातल्याने न्यायचा, हेही त्याने सांगितलं. तुम्ही आम्हाला ते वहीत लिहायला लावलंत, दोन बोटांच्या रकान्यात.

पंधरा वर्षांनी त्याच दरवाजात माझी सभा होती. बेटावरच्या रिसॉर्टचे दलाल गावात फिरू लागले होते, किनाऱ्यावरची जमीन आणि धक्का त्यांना हवा होता. सर, मी कोणत्या घरातली आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. आमची शेतं आणि मिठागरं शहराखाली गेली. माझी आई म्हणायची, “जमीन गेली, आता तोंड तरी हाय आपल्याकं.” ते तोंड घेऊन मी गेले होते. समोर चारेकशे माणसं, आणि ती थंड. मुद्दे सांगितले, कायदा सांगितला, कोणी हललं नाही. मग माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. मी म्हणाले, हा किल्ला तोफांनी पडलेला नाही! हा दरवाजा आतून उघडला गेला! चावी ज्याच्या कमरेला होती त्याने तो उघडला, आणि त्याचेच वंशज आज मानाचा नारळ घेऊन पुढे चालतात! मैदान उसळलं. खरं सांगते, चावी हा शब्द उच्चारेपर्यंत तो तोंडी येणार हे मलाही माहीत नव्हतं. आणि बोलताना दरवाजाला लागून असलेल्या त्या घराकडे माझा हात गेला होता, हेही मला नंतर लोकांनी सांगितलं.

त्या वर्षी नारळ दुसऱ्याने नेला. तुम्हाला हे माझ्याआधी कळलं, कारण तुम्ही दर वर्षी नववीला घेऊन तिथे जात होतात. घराला फितुराचं घर म्हणू लागले, मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, आणि तो माणूस बिऱ्हाड उचलून कळंबोलीला आला, लोखंडाच्या बाजारात राखणदार म्हणून. तुम्ही त्याला तिथे शोधून काढलंत. मग मला घरी बोलावलंत. मी अजून तुमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. तुम्ही चहाचं आधण ठेवलंय, साखरेचा डबा तुमच्या हातात आहे. तुम्ही विचारता, “पाहिलं, ऐकलं, की रचलं?” मी म्हणते, “सर, माणसं मुद्द्यांनी उठत नाहीत. उठवायला रचावं लागतं. माझा हेतू बघा ना!” तुम्ही गॅस बंद करता. “हेतू त्या म्हाताऱ्याला जाऊन सांग. आणि गावात जाऊन सांग, दरवाजात उभी राहून, याच आवाजात.” मी म्हणते, “उद्या महाप्याला सभा आहे, कामगार थांबलेत.” “परवा?” “बघते.” चहा केलाच नाहीत. तुमच्या घरून चहा न घेता निघाल्याची ती एकच वेळ. वर्षभरात तुम्ही गेलात.

तुमच्या शोकसभेत मी पाऊण तास बोलले. सत्यावर बोलले, सर. माणसं डोळे पुसत होती. खाली उतरले तर दरवाजाजवळच्या घरातला तो माणूस समोर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी हातात घेऊन. रागावलेला नव्हता. म्हणाला, “सरांवर लय चांगलं बोलल्याव. एकदा आमच्या गावान येऊन बोलाल काय? आमचं कोन ऐकत नाय. तुमचा आवाज लांब जातो.” मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, “येईन, काका. नक्की येईन.” नारळी पौर्णिमेला दोन महिने होते. ती गेली, तशा पुढच्या सातही. मग कळंबोलीहून निरोप आला की तो वारला. दिवसकार्य गावात करायचं होतं, गावाने जागा दिली नाही म्हणे. हे दोन बोटांचं आहे.

परवा मिनीबस दरवाजापाशी थांबली. जमीन गेली, धक्का गेला, माझ्या भाषणाने काहीही थांबलं नाही, हे उतरताच दिसलं. जिथे घर होतं तिथे गाड्या लावायची जागा आहे. सहल दाखवणारी बाई तिशीतली, त्याच गावातली, चुणचुणीत. ती सांगू लागली, “किल्ला तोफांनी नाही पडला बरं का! दरवाजा आतून उघडला!” सर, शब्द माझे होते. थांबायची जागासुद्धा माझी. “चावी कोणाच्या कमरेला होती?” असं म्हणून तिने हात फिरवला, माझ्यासारखाच, मोकळ्या जागेकडे. एका पाहुण्याने विचारलं, “ती फॅमिली राहते का अजून इथे?” ती हसली, “नाय ओ, फितुरांना कोन ठेवतंय! गाव कडक आहे आमचं.” सगळे हसले. मग तिने पिशवीतून पितळी चाव्या काढल्या, बोटाएवढ्या, साखळीत अडकवलेल्या, प्रत्येकाला एक, रिसॉर्टकडून आठवण म्हणून. “कोणाला काही विचारायचंय?” तिने माझ्याकडेही पाहिलं. दोन लाख माणसांसमोरही जो आवाज कधी अडखळला नाही, तो माझ्याकडे होता आणि समोर बाराच माणसं होती. मी चावी घेतली आणि थँक्यू म्हणाले.

ती आता या कागदावर ठेवली आहे, पंख्याने कागद उडू नये म्हणून. हे पत्र कुठे पाठवायचं? तुमच्या फ्लॅटमध्ये दुसरी माणसं राहतात, कळंबोलीच्या त्या खोलीतही. पाठवायचं असेल तर ते गावाला, चावडीवर लावायला. पण लिहिता लिहिता मला कळलंय की मी ते तिकडे पाठवणार नाही. मागे वळून वाचलं तेव्हा एक जागा सापडली. शोकसभेत त्याचा हात धरून मी ‘येईन, काका’ म्हणाले, असं वर लिहिलं आहे. ती तीन बोटं आहेत, सर. मी काहीच म्हणाले नव्हते. मी घड्याळ पाहिलं होतं.