श्रावण वद्य नवमी

बाबा, तुमच्या हातचं माझं लसीचं कार्ड सापडलं. आईच्या लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि या बारा वर्षांत मला त्या कार्डाची एकदाही गरज पडली नाही. आता पडली, कारण मी डॉक्टर होते आहे. हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. शेवटचं वर्ष चालू आहे, आणि पुढच्या महिन्यात चार आठवड्यांसाठी मला पोर्तुगालला जायचं आहे, पोर्तो नावाच्या शहरात, तिथल्या लहान मुलांच्या वॉर्डात काम शिकायला. कॉलेजच्या एक्सचेंजमध्ये आमच्या बॅचमधून दोघांचाच नंबर लागला. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत की तिथे जेवायला काय मिळतं, आणि मग ग्वाल्हेरच्या सगळ्या दाल बाजारात सांगत सुटला असतात. मला ते ऐकून लाज वाटली असती, मी चिडलेही असते. आता तीच लाज मला हवीशी वाटते आहे.

तयारी म्हणजे काय हो, नुसते कागद. पासपोर्ट, व्हिसाची अपॉइंटमेंट, डीनची सही, बँकेचं पत्र, अडतीस डिग्रीत काळा कोट घालून काढलेला फोटो. हे सगळं मी तोंड वाकडं करत का होईना, पण केलं. मग तिथल्या हॉस्पिटलने लसीकरणाचा दाखला मागितला. प्रत्येक लस, प्रत्येक तारीख, आणि गोवराची लस पहिल्या वाढदिवसानंतर दिलेलीच हवी, त्याआधीची चालणार नाही. मी म्हटलं, यात काय, माझे बाबा कंपाउंडर होते, आमच्या घरात लस चुकेल का? मोठ्या तोऱ्यात कार्ड उघडलं आणि बघतच राहिले. सगळ्या रकान्यांत तुमचं ते वाटोळं, सावकाश अक्षर, आणि तारीख एकही नाही. माघ शुद्ध पंचमी. चैत्र वद्य द्वितीया. गोवराच्या लसीपुढे, श्रावण वद्य नवमी.

दवाखान्यात तुम्ही दिवसभर तारखा लिहायचात. दाल बाजाराच्या त्या गल्लीत, डॉक्टरसाहेबांच्या केबिनबाहेर, तुमच्या उंच स्टुलावर बसून. शाळा सुटली की मी तिथेच यायची, आई कामावरून परतेपर्यंत. स्पिरिटचा वास, भिंतीवरचं बिस्किट कंपनीचं कॅलेंडर, आणि बाकड्यावर मुरारहून, किला गेटहून आलेल्या बायका, मांडीवर पोरं. एखादं पोर सुई बघून भोकाड पसरतं. तुम्ही त्याच्याशी गप्पा सुरू करता, "हाँ तो पहलवान, आज सुबह से क्या-क्या खाया? शुरू से बताओ." पोर विचारात पडतं. पोहा, म्हणतं. और? जलेबी. तिसरा पदार्थ आठवेपर्यंत तुमचं काम झालेलं असतं, आणि ते पोर रडायचं की जलेबीनंतर काय ते सांगायचं या घोळात तसंच बसून राहतं. मी आज वॉर्डात हेच करते. माझ्या मॅडमनी विचारलं, ये किसने सिखाया? मी म्हटलं, ऐसे ही. आता हे 'ऐसे ही' का म्हटलं, ते पुढे सांगते.

घरी आलं की मात्र तुम्ही वेगळेच. आजोबांपर्यंत सगळे पूजा सांगणारे, दक्षिणेतून, महाराष्ट्रातून इथे आलेले; तुम्ही ते सोडलंत, पण पंचांग सोडलं नाहीत. दारात मी "बाबा, आज ना स्कूल में" म्हणून सुरुवात केली की तुम्ही म्हणायचात, "चप्पल काढलीस ना? मग हिंदीही तिथेच काढून ठेव." दवाखान्याची तारीख, घरची तिथी, असा तुमचा हिशेब. आपल्या पोरीचं कार्ड हे घरचं काम, म्हणून त्यात तिथ्या. एवढं मला कळलं. हसूही आलं.

मग मी त्या तिथ्यांच्या तारखा करायला बसले. फोनमध्ये पंचांगाचं ॲप असतं, त्यात गाव टाकायचं, साल टाकायचं. मी ग्वाल्हेर टाकलं. बाकीच्या तारखांत काही खटकलं नाही, आणि श्रावण वद्य नवमीला घोडं अडलं. ती तारीख माझ्या पहिल्या वाढदिवसाच्या जवळजवळ दोन आठवडे आधीची निघाली. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. मतलब, लस बादच. आणि बाबा, मला तुमचा इतका राग आला की काय सांगू. वाटलं, डॉक्टरसाहेब नसताना उरलेली लस वाया जाऊ नये म्हणून यांनी आपल्याच पोरीला टोचून टाकली. आईला तसं बोलूनही दाखवलं, "बाबांना एवढं कळत नव्हतं तर कशाला हात लावायचा?" आई पोळ्या लाटत होती. तिने गॅस बारीक केला.

डॉक्टरसाहेब कधीचेच गेले, दवाखान्याच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. दुसरा कागद आणणार कुठून? शेवटचा दिवस जवळ आलेला. मी पोर्तोच्या ऑफिसातल्या बाईंना लिहिलं की माझ्या रक्ताची तपासणी चालेल का, त्यात गोवराविरुद्धची ताकद आहे की नाही ते कळतं. आणि मेलसोबत जोडलेल्या कार्डाचं काय, असं त्या विचारतील म्हणून मीच पुढे होऊन इंग्रजीत एक वाक्य घातलं. ते मराठीत सांगते. 'हे कार्ड घरातल्या एका अप्रशिक्षित माणसाने भरलेलं असून त्यातल्या नोंदी विश्वासार्ह नाहीत.' लिहिताना मला जराही जड गेलं नाही. उलट, वाक्य चांगलं जमलं असंच वाटलं. तपासणी झाली, सगळं ठीक निघालं, बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं की फाइल पूर्ण झाली, आता तिकीट काढा.

रविवारी आई तो कागदांचा पसारा आवरत होती. कार्ड हातात घेऊन चष्मा वर करून वाचत बसली. मग म्हणाली, "अगं, कोण म्हणतं तुझा वाढदिवस व्हायचा होता? ही तर गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीची. अष्टमीला दवाखाना बंद, म्हणून नवमीला घेऊन गेले हे तुला. मी इकडे पारण्याचं पान वाढून बसलेली. तू रडून घर डोक्यावर घेतलंस, तर यांनी काल्यातलं दही बोटाने तुझ्या तोंडात घातलं. आणि वाढदिवसाचे फुगे पंधरा दिवस झाले तरी तसेच लटकत होते, काढू देत नव्हते मला. सुरकुतले होते पार."

मी म्हटलं, "आई, जन्माष्टमी तो भादों में आती है."

"त्यांच्या भादोंत गं," आई म्हणाली. "आपल्या श्रावणात."

चोवीस वर्षं या गावात राहून, दोन्ही पंचांगांच्या सुट्या उपभोगून, मला हे सुचू नये? इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. वद्य पक्षात आपला श्रावण चालू असतो तेव्हा त्यांचा भादों, म्हणजे भाद्रपद, लागलेला असतो. मी ग्वाल्हेर टाकलं, ॲपने ग्वाल्हेरचा महिना लावला, आणि तुमची तिथी पुरता एक महिना आधी जाऊन पडली. पुन्हा मोजलं. वाढदिवसानंतर दोन आठवड्यांनी. तुम्ही अगदी बरोबर होतात. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आईला कळलंच असणार, कारण बाहेर आले तर चहा तयार होता.

आता ते 'अप्रशिक्षित'. मी तिसरीत होते. डॉक्टरसाहेबांचा पुतण्या नवा नवा शिकून आला होता, दवाखान्यात बसायला लागला होता. भरल्या बाकड्यांसमोर त्याने तुम्हाला विचारलं, "आपके पास डिप्लोमा-विप्लोमा कुछ है, या बस देख-देख के सीखे?" तुम्ही म्हणालात, "देख-देख के, साहब." हातातलं इंजेक्शन पूर्ण दिलंत, सुई मोडून डब्यात टाकलीत, त्या बाईला सांगितलंत की शेकू नका, चोळू नका. मग हात धुतलेत आणि मला घेऊन भर दुपारी घरी आलात. जेवला नाहीत. मी पानावर बसून सारखी विचारत होते, बाबा, डिप्लोमा म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, "तू घेशील तेव्हा कळेल." रागाने नाही म्हणालात. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेलात. मॅडमपुढे मी 'ऐसे ही' म्हटलं, ते त्या दुपारच्या लाजेनेच. मला हे सगळं लख्ख आठवतं आहे, आणि तरी तो शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला. त्या पुतण्याने निदान तोंडावर विचारलं होतं.

तुम्ही असतात तर असं म्हणते मी, पण खरं म्हणजे मला तुम्ही या घटकेला हवे आहात. ते पोर्तोचं नाव चुकीचं म्हणत, माझ्या बॅगेचं वजन हाताने उचलून बघत. जायच्या आधी मला दंडात एक काविळीची लस घ्यायची होती, ती कॉलेजच्या सिस्टरांनी दिली. छान दिली, दुखलं नाही. पण कुणी विचारलं नाही की सकाळपासून काय काय खाल्लं. मी मनातल्या मनात सांगत बसले होते.

रविवारीच मी त्या बाईंना दुरुस्ती लिहिली. कार्ड माझ्या वडिलांनी भरलं आहे, ते तीस वर्षं हेच काम करत होते, नोंदी बरोबर आहेत, चूक माझी. चार ओळी. त्या अजून ड्राफ्टमध्ये पडून आहेत. फाइल बंद झाली आहे. पुन्हा उघडली, कुणी म्हणालं की आधी एक सांगता, मग दुसरं सांगता, आणि जागा गेली तर? एका क्लिकचं काम आहे आणि तीन दिवस मी रोज ते उघडते, वाचते, बंद करते. आईला सांगितलं की पाठवलं.

नाही पाठवलं, बाबा. मी घाबरले. तुमच्या नावापेक्षा मला ते शहर जास्त हवं होतं, आणि खरं सांगते, अजूनही हवं आहे.