चार पिवळ्या रेघा

प्रिय अंजली,

हे पत्र मी याआधी तीनदा सुरू केलं. एकदा तर चाकणच्या बसथांब्यावर, पगाराच्या स्लिपमागे. प्रत्येक वेळी मध्ये काहीतरी निघालं आणि मी उठलो. तुला माझी सवय माहितीये. फोन केला असता, पण फोनवर मी निसटतो. तू ‘बोल’ म्हणशील आणि मी तुला मारुंजीच्या म्हशींचं सांगत बसेन. कागदावर निदान आधीची ओळ समोर राहते, तिच्याकडे बघावं लागतं.

म्हशींचं सांगूनच टाकतो, म्हणजे मोकळा झालो. मारुंजीत यशवंतरावांच्या गोठ्यामागे पत्र्याची शेड आहे, शेजारी एक खोली. त्यांच्या बाकी खोल्यांमध्ये कॉम्प्युटरवाली पोरं राहतात, त्यांना वास सहन होत नाही म्हणून ही मला मिळाली. एक म्हैस रोज पत्र्याच्या फटीतून तोंड घालून माझं काम बघते. यशवंतराव म्हणतात, “गणराज, ती तुझ्यापेक्षा लवकर शिकंल.” शेडमध्ये बेडकी आहे. हो, तीच.

अपघातानंतर पोलिसांनी गाडी सोडली तेव्हा काका म्हणाले होते, भंगारात घाला. तू नागपूरला निघून गेली होतीस. तुझ्या आईनेच, चिमाकाकींनी, मला फोन केला. “तू ने रे बाबा तिला. भंगारवाला ओढत नेताना मला बघवायचं नाही.” मी टेम्पो घेऊन आलो. काका पेपर वाचत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

आठवतं, आकुर्डीचा तो बंगला पाडत होते आणि धम्मा ही गाडी दोरीने ओढत पिंपळे गुरवला घेऊन आला? दोन सीट, छप्पर नाही, दिवे बॉनेटवर डोळ्यांसारखे वर आलेले. काकी म्हणाल्या, “अगंबाई, ही तर बेडकी.” तू म्हणालीस, तुझ्या भावात आणि माझ्यात मिळून दीड अक्कल, आणि त्यातली एक धम्माची. दारात ताडपत्री बांधून तो दोन वर्षं खपला. आत नवीन गाडीचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, बाकी सगळं जुनं तसंच ठेवायचं. आणि झाली की पहिल्यांदा आईला बसवून देहूरोडच्या विहारात. काकी तर कानाला स्कार्फ बांधायची प्रॅक्टिस करायच्या.

आता ती पुन्हा उभी आहे, अंजली. डाव्या बाजूचा पत्रा मी नवा ठोकला, तिसऱ्यांदा जमला. रंग धम्माचाच, तो बाटलीसारखा हिरवा. शिफ्ट सुटली की तडक इथे. चौदा महिन्यांत मी कुठेच गेलो नाही, विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू.

पण मला काकांबद्दल लिहायचं होतं. एकतीस वर्षं कंपनीत दुसऱ्यांच्या कामाची तपासणी केलेला माणूस. अपघातानंतर ते स्वतः पोलीस ठाण्यात गाडी बघायला गेले. डाव्या चाकाला धरून ठेवणाऱ्या चार बोल्टांपैकी तीन जागेवर नव्हते. ती तीन रिकामी भोकं बघून ते वळले, चौथ्यापर्यंत गेलेच नाहीत. धम्माच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कुणीतरी म्हणालं, नशीब वाईट, साहेबराव. काका सगळ्यांसमोर म्हणाले, “नशीब नाही. पोरगा कामात कच्चा होता. बोल्ट आवळलेच नव्हते त्यानं.” तू ताट सोडून उठलीस. त्यानंतर तू घरी आली नाहीस आणि त्यांनी धम्माचा फोटो कपाटात ठेवला. काकी तो रोज काढून पुसतात आणि परत आत ठेवतात. हे मला माहीत आहे, तरी मी गप्प होतो.

आमच्या कंपनीच्या लाइनवर एक पद्धत आहे. बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचा, ठरलेला जोर लागून तो ‘कट्’ वाजला की मार्करने नटावरून खाली बॉडीपर्यंत एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे काम झालं. पुढचा माणूस तो बोल्ट पुन्हा तपासत नाही, रेघ बघतो आणि पुढे जातो. धम्मा आणि मी बेडकीवरही तेच करायचो. त्याची रेघ पांढरी, माझी पिवळी.

त्या शनिवारी त्याची दुसरी शिफ्ट होती. जाताना म्हणाला, डावं चाक तेवढं तू पुरं कर भावा. मी चारही बोल्ट हाताने बसवले. रेंच तुमच्या घरात होता आणि माझ्या मार्करचं टोपण हरवलं होतं, तो वाळत चालला होता. म्हटलं, रेघा आधी मारून घेऊ, मग रेंच आणू. चार रेघा मारल्या, अगदी सरळ. तेवढ्यात ट्रकवाल्या ज्योतीरामचा फोन आला. ट्रक रिकामा मालवणला निघालाय, येतोस का? दहा मिनिटांत मी त्याच्या शेजारी बसलो होतो. वाटेत धम्माला फोन करू म्हटलं. मग घाट आला, रेंज गेली, मग मी विसरलो. विसरलो, अंजली. दुसरा शब्द मी पुष्कळ शोधला.

रविवारी दुपारी मी किनाऱ्यावर मासे खात होतो. फोन उघडला तर धम्माचा सकाळी सातचा मेसेज. माझ्या चार पिवळ्या रेघांचा फोटो आणि खाली, “भावा, पहिल्यांदाच काहीतरी पुरं केलंस. आईला नेण्याआधी एक चक्कर मारून येतो.” त्याच्या खाली तुझे सात मिस्ड कॉल.

तो मेसेज अजून आहे. मी कुणालाच दाखवलेला नाही.

म्हणून हे पत्र. वर्षभर मी सगळी गाडी केली, डाव्या चाकाला हात लावला नाही. आज सुट्टी होती, सकाळी उघडलं. चौथा बोल्ट चिखलाखाली तसाच होता. पुसला, तर पिवळी रेघ अजून सरळ. दोन बोटांनी फिरवला, फिरला. तुझा भाऊ कामात कच्चा नव्हता. त्याने माझ्या रेघेवर विश्वास ठेवला, एवढंच केलं. काकांना तू सांगावंस, असं लिहिणार होतो, कारण माझ्याच्याने व्हायचं नाही. तो बोल्ट पाकिटात घालून तुला पाठवणार होतो.

इथवर लिहिलं आणि म्हैस रेकली म्हणून बघितलं. फाटकात काका उभे आहेत. दोन बस बदलून एकटेच आलेत. खांद्याला धम्माची ती हत्यारांची निळी पिशवी आहे, वर रेंचचा दांडा दिसतोय. यशवंतरावांना विचारतायत, “आमच्या पोराची गाडी इथंच हाय का?” चप्पल बाहेर काढून आत येतायत. डावं चाक उघडंच आहे, बोल्ट माझ्या मुठीत आहे. हे पत्र आधी त्यांच्या हातात देतो, मग तुला पोस्ट करतो. मिळालं, तर समज मी उठून पळालो नाही.

तुझाच लिहू की नको, ते तू ठरव.

गणराज