आंबट द्राक्षांस शिमग्यापर्यंत मुदत

प्रति,
मेहेरबान फळबाग तपासणी अधिकारी साहेब,
कँप बुलढाणा

अर्जदार : तुळशीराम वल्द इंद्रभान, धंदा पानमळा, राहणार नांदुरा, तालुका मलकापूर

विषय : विलायती दारूच्या द्राक्षांच्या ऐंशी वेली उपटण्याचा हुकूम तहकूब करणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, ता. ४ जानेवारी १९३८.

महोदय,

१. हुकूम असा, की ता. १८ रोजी पंचांनी द्राक्षे चाखावीत व गोड नसल्यास वेली उपटाव्यात. अर्जदार शपथेवर लिहितो, की द्राक्षे आज आंबट आहेत. काल बकरीनेही घड तोंडातून टाकून दिला.

२. कसूर हंगामाचा आहे. आपल्या छापील पत्रकाप्रमाणे दसऱ्यास छाटणी केली. फुटवा झकास आला. मग स्वातीत चार दिवस झड लागली, कार्तिकभर आभाळ राहिले आणि अर्धा फुलोरा गळाला. उरलेल्या घडांत रस भरायचा, तर पौषात ही हाडे गोठवणारी थंडी. पत्रकात स्वातीच्या पावसाचे नावही नाही. आता आभाळाले समन्स कोनं बजावावा, साहेब?

३. थोडा कसूर आमचाही आहे. तीन सालांमागे सरकारच्या शब्दावर अर्जदाराने अर्धा पानमळा मोडून या वेली लावल्या. तेव्हापासून वडील इंद्रभान, वय सत्तरावर, मळ्यात फिरकले नव्हते, अर्जदाराशी एक शब्द बोलले नव्हते. पण वेल दिसली, की त्यांचा हात राहत नाही. यंदा ते रोज अनवाणी मळ्यात येऊन पानवेलीस घालावे तसे घागरीने पाणी घालत, ऊन लागू नये म्हणून वर तट्टे बांधत. द्राक्षास ऊन लागते, हे अर्जदारास ठाऊक होते. पण तीन सालांनी मळ्यात आलेल्या बापाले अडवू कसा? बायको कौशल्याबाई म्हणाली, "येऊ द्या त्याहिले. द्राक्षं काय, पुढच्या सालीबी येतीन." आता पुढचे सालच उरत नाही.

४. तट्टे काढले आहेत. थंडी सरली, की शिमग्यापर्यंत गोडी भरेल.

५. तपासणी ता. १८ लाच करणे असल्यास पंचांनी संक्रांतीचा तिळगूळ खाऊन येऊ नये. त्यावर साखरही आंबट लागेल.

६. नोटिशीची गोष्ट वडिलांच्या कानी गेली. काल त्यांनी गावचे पाटील शालिग्राम यांच्यासमोर एक घड तोडून अख्खा खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग अर्जदाराकडे पाहून बोलले, "गोड हाये बे, तुळश्या." पाटलांनी तसा दाखला लिहून त्यावर वडिलांचा अंगठा घेतला व तो अर्जास जोडण्यास सांगितले.

साहेब, हा दाखला खरा धरू नये. माझा बाप जन्मात पहिल्यांदा खोटे बोलला. त्यास एक घड खरोखर गोड खाऊ घालण्यापुरती मुदत द्यावी. त्यानंतर हुकूम कायम असल्यास कुदळ घेऊन अर्जदार स्वतः हजर राहील.

आपला हात जोडून उभा असलेला,
तुळशीराम वल्द इंद्रभान
नांदुरा, ता. १२ जानेवारी १९३८

सोबत :
१. आपली नोटीस.
२. वडिलांचा दाखला, अंगठ्यासह (खोटा, वाचून कृपया परत द्यावा, घरी ठेवायचा आहे).