कोहळ्याचं बी आणि धाकट्या जावेची नानखटाई

मंगरूळपीर
कार्तिक वद्य पंचमी, शके १८७८

सौ. गिरजाताईस धाकट्या बहिणीचा, म्हणजे आवडीचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, तुमची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? गाय व्याली का? माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त अन्न गोड लागत नाही, आणि त्याला कारण माझी धाकटी जाऊ रुखमा.

तुला ठाऊकच आहे, या घरात दिवाळीचा फराळ चौदा वर्षं मी करते. यंदाही चकल्या, शेव, शंकरपाळी, अनारसे सगळं केलं (अनारशांना जाळी सुरेख पडली होती, हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगितलं नाही). रुखमाची ही दुसरीच दिवाळी. तिनं नुसतं पीठ मळून दिलं. पण भाऊबीज सरली, पाहुणे गेले, डब्यांच्या तळाशी चुरा उरला, आणि बाईसाहेबांचं राज्य सुरू झालं. उरलेली शंकरपाळी तिनं पाट्यावर वाटली, त्यात कणीक आणि तूप कढवल्यावर उरलेली बेरी घातली, आणि चक्क नानखटाई केली! तिचं माहेर अकोल्याचं, बेकरीच्या भिंतीला भिंत. पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, झाकणावर निखारे. आणि साचे कसले, तर दिवाळीच्या पणत्या, दोन दिवस राखेच्या पाण्यात भिजवून, घासून, उन्हात वाळवलेल्या. चिवड्याचा चुरा थालीपिठात गेला, पणत्यांत उरलेलं तेल मोटेच्या चाकाला गेलं. एवढंच काय, मी आपल्या वेलाचं कोहळं चिरून आतला गाभा उकिरड्यावर टाकला, तर त्यातल्या बियासुद्धा तिनं वेचून धुतल्या. (भाजून खाईल, म्हटलं, खाऊ दे.) माणसानं काटकसर करावी, ताई, पण दुसरीला उधळी ठरवण्यासाठी करू नये.

सासूबाईंना दात नाहीत. त्यांनी नानखटाई जिभेवर ठेवली, डोळे मिटले, "लोण्यावानी इरघळून राह्यली वं पोरी!" म्हणाल्या, आणि काठी टेकत आळीभर सांगत फिरल्या. माझ्या चकलीला त्या चौदा वर्षांत एकच शब्द बोलल्या आहेत, तो म्हणजे "कडक". मी जळले. तुझ्यापासून काय लपवायचं?

नुसतं कौतुक असतं तर तेही गिळलं असतं. पण त्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "आता मले धड दिसत नाही. संक्रांतीले बियाची उतरंड एका सुनेच्या हाती देऊन टाकतो." माळ्याच्या घरात हा केवढा मान, ते तुला सांगायला नको. वांग्याचं बी, मिरचीचं बी, आणि त्यांनी लग्नात माहेराहून आणलेलं ते कोहळ्याचं बी, सगळं त्या गाडग्यांत. ज्या बाईच्या हाती उतरंड, तिला विचारून मळा लागतो. घरची थोरली सून मी. आणि बोलताना त्या बघत होत्या रुखमाकडे.

म्हणून ठरवलं, नानखटाई मीही करणार, आणि तिच्याहून वरचढ, वर मगज लावून. वाण्याकडचा मगज महाग. मग मलाही काटकसर सुचली (संगतीचा परिणाम). मगज म्हणजे काय, कोहळ्याचं सोललेलं बीच ना? सासूबाई दुपारी देवळात पोथी ऐकायला गेल्या, तशी मी उतरंडीतलं तिसरं गाडगं काढलं आणि राखेतलं बी निवडलं. शपथेवर सांगते, चिमूटभरच घ्यायचं होतं. पण चिमटीत चार नानखटाया होतात, आणि मला रुखमापेक्षा जास्त करायच्या होत्या. सोलता सोलता गाडगं रिकामं झालं. सालं परत आत भरली आणि वर राख पसरली. पणत्या मी नुसत्या पुसल्या, दोन दिवस कोण थांबतं? तेलाचा थोडा वास आला, पण भाजलेल्या मगजानं तो झाकला.

सासूबाईंनी पाच खाल्ल्या. पाच! "मगज कुठून आनला वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वाण्याकडून." त्या बोटं चाटत म्हणाल्या, "आवडे, तुह्या हाताले गोडी आली. उतरंड तुलेच देतो." रुखमा खाली मान घालून हसली. मी जिंकले, ताई. आणि जे जिंकले, ते सासूबाई वर पाणी पिऊन जिरवत होत्या.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, पोरांचा माझ्या वतीनं एकेक पापा घे, गाईला पेंड घाल.

तुझी,
आवडी

ता. क. दोन वर्षांमागे सासूबाईंनी तुला आसेगावला त्याच कोहळ्याचं बी दिलं होतं. तुझ्या वेलाचं मूठभर बी पुढच्या बाजाराला भाऊजींबरोबर पाठव. मेथीच्या जुडीत लपवून पाठव. संक्रांतीच्या आत गाडगं भरलं नाही, तर सासूबाई सालं माझ्याच ओटीत घालतील. आणि तुझ्या सासरी बोलू नकोस.

आणखी ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं होतं. आज भीतभीत गाडगं उघडलं, तर राखेखाली सालं नाहीत, टपोरं बी! रुखमाला कोपऱ्यात गाठलं. म्हणाली, "तुमी सोलत होत्या तवा म्या पाह्यलं, जाऊबाई. तुमी टाकलेल्या कोहळ्याचं बी वाळवून ठेवलंच होतं, ते भरलं. आता कायले घोर करता? मी नाही सांगत कोणाले." म्हणजे पोरगी मनानंही चांगली निघाली. नानखटाई एक वेळ शिकता येईल, हे मी कुठे शिकू? तेव्हा बी तू पाठवच. तिचं तिला परत करीन. तिच्या उपकाराचा वेल माझ्या हातून लागला, तर त्या कोहळ्याची भाजी मला जन्मभर गिळावी लागेल. आणि ती भाजीसुद्धा तीच चांगली करते.